जहाज सुटेपर्यंत गप्प

१२ नोव्हेंबर

बॅगा भरून झाल्या. ह्यांना अजून वाटतंय, लेकीने लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणून जहाजाची सहल दिली. देवा, जहाज सुटेपर्यंत माझं तोंड बंद ठेव!

१३ नोव्हेंबर, सकाळ

बंदरावर. रांगेत उभं राहून पाय भरून आले. जहाज कसलं, अख्खी कॉलनी आहे तरंगती! ह्यात मी माझ्या पोराला शोधू कुठे?

दोन वर्षं झाली. आमचं सोफा-खुर्च्यांना कापड चढवायचं दुकान. ते सोडून पोराने जहाजाच्या भटारखान्यात नोकरी धरली, तेव्हा हे म्हणाले, ‘लोकांची उष्टी काढायला चाललास? जा. परत तोंड दाखवू नकोस.’ तोही ह्यांचाच मुलगा! गेला तो गेलाच. हे दुकानात असले की मला फोन करतो. ह्यांच्यासमोर मात्र त्याचं नाव काढायची सोय नाही.

जहाज कुठलं ते लेकीने शोधून काढलं. तिला बजावलंय – त्याला कळता कामा नये, कळलं तर आम्हाला टाळेल. आणि ह्यांना कळलं तर हे इथूनच पाठ फिरवतील. म्हणून मी ठरवलंय, जहाज सुटेपर्यंत कुणाला काही विचारायचं नाही. एकदा चारी बाजूंनी पाणी झालं की जातात कुठे!

१३ नोव्हेंबर, दुपार

खोली मिळाली. एवढीशी, पण नीटनेटकी. मोठ्या बॅगा मागाहून येणार म्हणे, हातातली पिशवी तेवढी जवळ. हे आल्याआल्या गादी उचलून खालची शिवण बघायला लागले! मग खुर्ची उलटी केली. ‘फोम हलका आहे. वर्षभरात दबेल.’ म्हटलं, आपण राहायला आलोय की दुरुस्तीला? तर हसले. चक्क हसले. मलाच कसंतरी झालं. भल्या माणसाला असं फसवून आणायचं म्हणजे!

खोली आवरणारा येऊन गेला. हसतमुख आहे. अगदी जिभेवर आलं होतं माझ्या, की भटारखान्यात माझा मुलगा आहे, ओळखतोस का? गिळलं. हे समोरच होते.

जेवायला वरच्या मजल्यावर. लोकांची ही झुंबड! पांढरी टोपी दिसली की माझी मान तिकडे. ‘ताटात बघून जेव की,’ – हे. बघते हो, बघते.

बसवत नाही. उठते, दार उघडते, बोळात डोकावते, पुन्हा लावते. हे म्हणाले, ‘तुला लागली की काय बोट? अजून हललीसुद्धा नाही.’

१३ नोव्हेंबर, संध्याकाळ

लाज गेली! सगळ्या जहाजापुढे!

संकटाचा सराव होता. प्रत्येकाने नेमून दिलेल्या जागी जमायचं, कार्ड दाखवायचं. एक जण राहिला तरी जहाज सोडत नाहीत. स्टाफही आपापल्या जागी उभा राहतो – म्हणजे भटारखान्यातलेसुद्धा! म्हटलं, हीच वेळ. बाथरूमला जाऊन येते सांगून सटकले. ह्या जिन्याने वर, त्या जिन्याने खाली, प्रत्येक टोपीखाली डोकावत. एक पाठमोरा दिसला, हुबेहूब तोच. धावत पुढे गेले, तर ह्या झुपकेदार मिशा!

तेवढ्यात लाउडस्पीकरवर आमच्या खोलीचा नंबर. पुन्हा नंबर. पुन्हा! शेवटी एक मुलगी मला दंडाला धरून घेऊन आली. सगळे वळून बघताहेत, हे लालबुंद. ‘अख्खं जहाज खोळंबलंय तुझ्यापायी! होतीस कुठे?’ वाट चुकले म्हटलं.

सुटलं एकदाचं जहाज. हे वर कठड्याशी उभे. मी तडक खाली आले, खोली आवरणाऱ्याला गाठलं, फोनमधला फोटो दाखवला. त्याचा चेहरा खुलला.

‘हा होय! आज सकाळीच उतरला की. करार संपला त्याचा. सामानसुमान घेऊन गेला.’

कुठे गेला, ते माहीत नाही म्हणाला.

सकाळी! म्हणजे मी रांगेत उभी होते तेव्हा! खुळी ती खुळीच मी. चढल्याचढल्या तोंड उघडलं असतं, तर आल्या पावली उतरता आलं असतं. आणि आता फोनला रेंजसुद्धा नाही.

वळते तर मागे हे. सगळं ऐकलेलं. ‘म्हणजे ह्यासाठी आणलंस मला.’ आरडाओरडा केला असता तर बरं वाटलं असतं. एवढंच बोलले आणि निघून गेले.

जेवायलाही आले नाहीत. मी एकटीच खोलीत. बॅगा आल्यात, उघडावंसं वाटत नाही. पोरगा गेला कुठे? दुसरं जहाज धरलं असेल तर पुन्हा कधी दिसायचा? आणि ह्यांना शोधायला जाऊ की नको? गेले आणि ह्यांनी तोंड फिरवलं तर? भेट घडवायला निघाले होते मोठी! आता दोघंही लांब.

१४ नोव्हेंबर, सकाळ

काल हे आले ते भिंतीकडे तोंड करून झोपले. आत्ता उठल्याउठल्या म्हणतात, ‘बॅगा उघडू नकोस. पुढच्या बंदरावर उतरायचं.’ म्हटलं, राग माझ्यावर आहे ना, मग तो सहलीवर कशाला काढता?

‘कसला राग? पोरगा घरी आलाय. काल इथल्या काउंटरवरून फोन लावला मी त्याला. कुलूप बघून पायरीवर बसला होता गाढव. म्हटलं, शेजारून किल्ली घे आणि आधी जेव.’

म्हटलं, नंबर कुणी दिला तुम्हाला?

‘द्यायला कशाला पाहिजे? पाठ आहे.’