पिंजऱ्यातलं वेळेचं नियोजन

१२ जानेवारी, सोमवार. सकाळी ८.५०

एक जानेवारीला संकल्प करणारी माणसं टिकत नाहीत, असं माझं निरीक्षण आहे. म्हणून मी मुद्दाम अकरा दिवस थांबलो. आजपासून नवीन सुदर्शन.

वय शेहेचाळीस. राजुरीच्या एका हायस्कुलात सीनियर क्लार्क. मुक्काम पिंपळवंडी. क्षमता भरपूर, नियोजन शून्य. मोबाइलवर तीन तास व्हिडिओ बघून नियम काढले आहेत. पहाटे पाचला उठणे. कोमट पाणी. पंचवीस मिनिटं एकाग्र काम, मग पाच मिनिटं उठून अंग ताणणे. आपलं ध्येय कुणाला न सांगणे, सांगितलं की त्यातली ताकद जाते.

आज आठ चाळीसला उठलो. पण तो जुना सुदर्शन होता.

१३ जानेवारी, मंगळवार

व्हाइटबोर्ड आणला. रोजची कामं त्यावर लिहिणार. खिळा सापडेना म्हणून कॉटवर ठेवला. संध्याकाळी बघतो तर आई त्यावर तीळ निवडत बसलेली. म्हणाली, लई गुळगुळीत हाय, खडा लगीच दिसतो.

खिळा शोधणे हे काम बोर्डवर लिहायचं होतं. बोर्डवर तीळ होते.

१५ जानेवारी, गुरुवार

पाचला अलार्म वाजला. बायको, अश्विनी, उठली. घरातल्या चार माणसांपैकी एक पाचला उठलं. पंचवीस टक्के यश.

आमच्या उसाच्या कडेला वनखात्यानं बिबट्यासाठी पिंजरा लावला आहे. मागच्या कप्प्यात जाळीआड कोंबडी, वरून उसाचं पाचट. वनरक्षक धम्मपाल स्वतः येऊन सांगून गेला की अंधारात एकट्यानं बाहेर पडू नका. मग पाचला उठून करायचं काय? वेळ सातची केली. सूचना पाळली पाहिजे.

१७ जानेवारी, शनिवार

अश्विनीला नारायणगावजवळच्या द्राक्षांच्या पॅकहाउसमधून इंटरव्ह्यूचा फोन आला. क्वालिटी सुपरवायझर. तिचं बी.एस्सी. सतरा वर्षं कपाटात, लग्नाच्या शालूखाली. गुरुवारी सकाळी दहाला बोलावलं आहे. दहा म्हणजे दहा, सव्वादहाला गेट बंद.

तिनं मला एकच गोष्ट मागितली. म्हणाली, अहो, तेवढं पावणेनऊला स्कूटरवरून सोडा. बाकी मी बघते.

म्हटलं, तू बिनधास्त राहा. हाफ डे टाकतो. मिनिटामिनिटाचा प्लॅन करतो. ती म्हणाली, प्लॅन नको, फक्त सोडा.

तिला नियोजनाची सवय नाही.

१८ जानेवारी, रविवार

प्लॅन करायला बसलो. आईनं गोळी कुठली घ्यायची विचारलं. लेक आरोहीची दहावीची पूर्वपरीक्षा, ती मोठ्यानं इतिहास वाचत होती. दादाभाऊ शेजारून आले आणि उसाच्या तोडीवर दीड तास बोलले. मी दोन वेळा डुलकी घेतली, तीही अर्धवट.

या घरात एकाग्रता शक्य नाही. अशी जागा पाहिजे जिथं कुणीच येणार नाही.

२० जानेवारी, मंगळवार

जागा सापडली.

विचार असा. पिंजऱ्याजवळ माणसं भीतीनं जात नाहीत. बिबट्याही पाच दिवसांत तिकडं फिरकलेला नाही. म्हणजे माणूस नाही, बिबट्या नाही, वर सावली, तिन्ही बाजूंनी लोखंड. सबंध जुन्नर तालुक्यात यापेक्षा शांत आणि सुरक्षित ऑफिस नाही. दार वर टांगलेलं आहे आणि आत खाली एक फळी आहे, तिच्यावर पाय द्यायचा नाही, एवढंच.

आज दाराशी बसून ट्रायल घेतली. दहा मिनिटं. कोंबडी एकदाही मध्ये बोलली नाही.

२२ जानेवारी, गुरुवार. सकाळी ६.५५

इंटरव्ह्यूचा दिवस. साडेसहाला उठलो! फोन घरी ठेवला, डिजिटल उपास. प्लास्टिकची खुर्ची, डायरी, पेन. फळी टाळून खुर्ची लावली. आत आहे. प्रसन्न वाटतं.

७.१९

झकास प्लॅन झाला. ८.३० गाडी पुसणे. ८.४० हवा तपासणे. ८.४५ प्रस्थान. ८.५२ अश्विनीला धीर देणे. पंचवीस मिनिटं होत आली. नियमाप्रमाणे उठून अंग ताणतो.

७.२१

दार पडलं.

७.२४

घाबरण्यासारखं काही नाही. दार बाहेरून उघडतं आणि मी आत आहे, एवढी एकच अडचण.

७.४०

कुणीतरी शोधायला येईल. पण कुठं जातो हे कुणाला सांगितलेलं नाही. फोन घरी. कोंबडी माझ्याकडे बघते आहे. मी तिच्याकडे बघत नाही.

८.०५

खिशात काहीतरी टोचलं. स्कूटरची किल्ली.

८.०७

किल्ली माझ्याकडे आहे म्हणजे ती हरवलेली नाही. चांगली बाजू बघावी.

८.३०

ओरडलो. थंडीनं घसा बसलेला, आवाज नीट फुटला नाही. गवताला आलेल्या दोन बायका थबकल्या. एक म्हणाली, अगं बया, आत गुरगुरतंय! भारे टाकून पळाल्या.

८.४५

प्रस्थानाची वेळ. अश्विनी दारात उभी असेल. निळी साडी काढून ठेवली होती.

९.१०

सगळं गाव लोटलं आहे, पण लांब, बांधावर. पाचटामुळे मी दिसत नाही. मी ओरडलो की ते डबे बडवतात. मी जास्त ओरडलो तर ते जास्त बडवतात. दादाभाऊंचा आवाज स्पष्ट आला, लई मोठा हाय राव, नरच असनार.

९.२५

कुणीतरी फटाके लावले. कोंबडीनं अंडं घातलं.

संध्याकाळी ६.३०

पुढचं शांतपणे लिहितो.

साडेनऊच्या सुमारास धम्मपाल आला. लोकांना अजून मागं सारून एकटा पुढं आला, काठीनं पाचट बाजूला केलं आणि वाकून आत बघितलं. मग म्हणाला, "क्लार्कभाऊ, तुमी?"

मी हो म्हटलं.

"आत कशाला गेला व्हता?"

मी सांगितलं, वेळेचं नियोजन करत होतो.

त्यानं विचारलं, "झालं का?"

दार उघडायला त्याला अर्धं मिनिट लागलं. मी खुर्ची घेऊन बाहेर आलो तेव्हा बांधावर एवढी शांतता होती की तसं वातावरण मला सकाळी मिळालं असतं तर फार काम झालं असतं. मग कुणीतरी हसलं आणि सगळे मोबाइल वर आले.

मला पळायचं होतं, पण धम्मपालनं वही काढली. दार पडलं की नोंद करावी लागते म्हणाला, न्हाई केली तर वरून विचारत्यात. जातीच्या रकान्यात त्यानं 'मनुष्य' लिहिलं. नर. वय शेहेचाळीस. जखमा नाहीत. स्वभाव या रकान्यापाशी तो थांबला, माझ्याकडे नीट बघितलं, आणि 'शांत' असं लिहिलं. मुक्त केल्याचे ठिकाण : राहते घर. सही मी केली, प्राण्यांना ती सोय नसते.

घरी पोचलो तर दहा वाजायला आले होते. आई अंगणात. म्हणाली, ती गेली. नऊ वाजेपर्यंत तुझी वाट बघितली तिनं. मग गेणभाऊची टोमॅटोची पिकअप निघाली व्हती, ड्रायव्हरशेजारी जागा न्हवती, तर मागं कॅरेटवर बसून गेली. साडी गुडघ्याशी धरून.

अश्विनी तीनला परत आली. पदराला टोमॅटोचा डाग. दहाला दोन मिनिटं कमी असताना गेटवर पोचली होती. नोकरी मिळाली. दोन तारखेपासून हजर.

मी अभिनंदन केलं. खुलासाही करणार होतो, मुद्दे काढले होते, सहा. ती म्हणाली, गावभर व्हिडिओ फिरतोय, मी पॅकहाउसमध्येच बघितला. तुम्हाला लागलं नाही ना कुठं?

नाही म्हटलं. मग ती पदर धुवायला गेली.

चिडली असती तर बरं झालं असतं. रागाच्या व्यवस्थापनावर मी बरंच वाचलं आहे. न चिडलेल्या माणसावर व्हिडिओ नाहीत.

२६ जानेवारी, सोमवार

झेंडावंदन. हेडमास्तर शिस्तीवर बोलले आणि दोनदा माझ्याकडे बघितलं. मुलं डबे वाजवत नव्हती, एवढं त्यांच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. शिपाई ज्ञानेश्वरनं चहा देताना आदरानं विचारलं, साहेब, अंडं कुणाला मिळालं?

२ फेब्रुवारी, सोमवार

अश्विनीचा पहिला दिवस. सव्वासातला फाट्यावर कंपनीची गाडी येते. रात्री तिनं काही मागितलं नाही. मीही काही ठरवलं नव्हतं.

सकाळी तिच्या हातून डबा पडला, त्या आवाजानं जाग आली. ती सांडलेली भाजी भरत होती आणि सारखी घड्याळाकडे बघत होती. मी शर्ट अडकवला, स्कूटर काढली, तिला फाट्यावर सोडलं. धुकं होतं. तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला होता, तो तिच्या लक्षात नसावा.

गाडीत चढताना वळून म्हणाली, "आईंना गोळी द्या. लाल नाही, पांढरी."

दिली. आरोहीला वेणी घालून दिली, वाकडी झाली, ती तशीच गेली. शाळेत दहा पाचला हजर. आयुष्यात पहिल्यांदा मस्टर माझ्या आधी कुणी उघडलं नव्हतं.

दिवसभरात काहीही ठरवलं नाही आणि सगळं झालं.

३ फेब्रुवारी, मंगळवार

कालच्या यशाचं विश्लेषण करणं आवश्यक होतं. काही न ठरवणं ही एक पद्धत आहे, पण ती नीट मांडली गेलेली नाही. सकाळी सहापासून बसलो. काही न ठरवण्याचे नियम काढले, एकूण चौदा. नववा नियम जरा अडला.

मान वर केली तर सात वीस. बाहेर आलो. अश्विनी नव्हती. आई म्हणाली, तू लिव्हत व्हतास, म्हनून हाक न्हाई मारली तिनं. पायी गेली.

रात्री जागून चौदा नियम पक्के केले. उद्यापासून काटेकोर.

४ फेब्रुवारी, बुधवार. दुपारी

जाग आली तेव्हा ऊन ओट्यावरून खाली उतरलं होतं. अश्विनी कामावर, आरोही शाळेत, आई मळ्यात. चहा ताटलीखाली झाकलेला, थंड.

कपडे करून, केस विंचरून, बॅग घेऊन निघतच होतो, तेवढ्यात आई डोक्यावर हरभऱ्याचा भारा घेऊन आली. मला बघून दचकली. "तू घरीच हायस व्हय? आमाला वाटलं कवाच गेलास."

म्हटलं, निघालोच.

ती म्हणाली, "आता कुठं? येळ बघ की. जाईस्तोवर शाळा सुटंल."

बॅग ठेवली. ती घाटे सोलायला बसली, म्हणून मीही बसलो. मोठे आधी सोलायचे की छोटे, याचा विचार करून दोन ढीग केले. ढीग छान झाले होते. आईनं थोडा वेळ बघितलं, मग माझ्यापुढचं सूप अलगद आपल्याकडे ओढलं.

"ठेव तितं," म्हणाली, "मी करते."