समता समितीचा अंगठा

सिल्वासा,
नवरात्राचा दुसरा दिवस, सन १९९३

तीर्थस्वरूप वन्सं यांना,

धाकट्या भावजयीचा, म्हणजे या चिमाबाईचा, गुडघे परवानगी देतील तितकं वाकून नमस्कार. पूर्वी आठही अंगं जमिनीला लागायची. आता पाच लागली की उठवायला माणूस बोलवावा लागतो, तेव्हा पाचातच गोड मानून घ्या. तुमची कंबर कशी आहे? तेल लावता की नुसतं सुनेला ऐकवता? अमळनेरला पाऊस उघडला का? इथे सगळे ठणठणीत आहेत. अमोल सायली गावच्या कंपनीत वेळेवर जातो, सून वेळेवर रागावते आणि मी दोघांच्या मधे तोंड मिटून बसते. (खोटं वाटत असेल तर दिवाळीला येऊन बघा.) नात गौरी मामाकडे गेलीय, म्हणून या खेपेला पत्र लिहायला झुंबर बसली आहे. अक्षर बघून घ्या, गौरीसारखे कोंबडीचे पाय नाहीत. ही झुंबर कोण, हे सांगायलाच तर पत्र घातलंय. तिच्यापायी पंधरा दिवस टांगणीला लागलेला माझा जीव परवा दुपारी भांड्यात पडला.

तुम्हाला ठाऊक आहे, मी कॉलेजच्या मुलींच्या हॉस्टेलात भाकऱ्या थापायला जाते. सून म्हणते, या वयात कशाला? मी म्हणते, या वयात घरी कशाला? तर तिथे जूनमध्ये ही पोरगी आली. दुधनीची, धरणाच्या पाण्यापलीकडच्या पाड्यावरची. बाप काळू मासे धरतो. आधी होडी, मग चाल, मग एस.टी., असं करत माणूस सिल्वासाला पोचेपर्यंत निम्मं कॉलेज सुटलेलं असतं. म्हणजे हॉस्टेलात खाट असली तर कॉलेज, नाहीतर सायलीला धाग्याच्या कंपनीत रिळं भरायची. पाड्यावरून बारावी झालेली ही पहिलीच. (ती म्हणते, आजी हे नका सांगू. मी म्हटलं, पत्र कोणाचं? तू लिही.) पहिले आठ दिवस भाकरी मागायलासुद्धा लाजायची. एक खाऊन उठायची. मग मीच ताटात दुसरी टाकायला लागले आणि म्हणायचे, उचल, नाहीतर मला उगाच थापल्यासारखं वाटतं. आता चार खाते. लाज गेली ते बरं झालं, पण माझे खांदे गेले.

आता हॉस्टेलचा एक नियम ऐका. दर सहा महिन्यांनी पालकाचा फॉर्म भरायचा आणि खाली पालकानं सही करायची. सही म्हणजे सहीच. अंगठा चालत नाही. हा नियम वरून आलेला नाही हो, आमच्या हेडक्लार्क नारायणरावांच्या टेबलावरच जन्मला आणि तिथेच मोठा झाला. तुम्ही ओळखता त्यांना, तुमच्या धाकट्या दिराचे साडू. माणूस वाईट नाही, पण कागद दिसला की त्यांच्यातला माणूस खुर्चीखाली जाऊन बसतो. त्यांचं म्हणणं असं की अंगठा काय, कोणीही उठवेल. सही मात्र ज्याची त्याचीच. आता वन्सं, हॉस्टेलातल्या अर्ध्या पोरी आपापल्या बापाच्या सह्या बापापेक्षा झोकात करतात. उषा नावाची एक आहे, तिच्या वडलांची सही तर वरच्या मजल्यावर सगळ्यांना येते. रविवारी सिनेमाला जायचं असलं की चिठ्ठीवर कधी ही वडील होते, कधी ती. त्या सगळ्या सह्या नारायणरावांनी मान हलवून फाइलला लावल्या. आणि काळूचा खराखुरा अंगठा दोनदा परत पाठवला.

दोन्ही वेळा तो माणूस दिवस मोडून आला होता. दुसऱ्यांदा मी तिथेच होते, पिठाचा डबा मोजून घ्यायला आलेली. नारायणराव म्हणाले, अरे सांगितलं ना, सही आणायची. काळू म्हणाला, साहेब, आणतो, पण कुठून आणू? हात तर एवढेच हायत. नारायणरावांनी वर न बघता सांगितलं, घटस्थापनेच्या आत फॉर्म नाही आला तर खाट दुसऱ्या मुलीला. काळू हात पुढे करून तसाच उभा राहिला. मग हात मागे घेतला. मला हसायला फार आवडतं, पण त्या दिवशी भाकरी करपवली मी. (एकच. ती मीच खाल्ली.)

आता इकडे हे चाललेलं आणि तिकडे काय, तर कॉलेजात समता आली. म्हणजे वरून कागद आला की भेदभाव नको, सगळ्यांना सामावून घ्या आणि त्यासाठी समिती करा. प्रिन्सिपॉलसाहेब मुंबईचे, कामाला वाघ. त्यांनी आठ दिवसांत एक भली मोठी पाटी रंगवून घेतली. हे दार सर्वांना सदैव उघडे आहे, असं मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजीत. ज्यांच्यासाठी लिहिलं त्यांना यातलं एकही वाचता येत नाही, ते सोडा. पाटी ठोकली कुठे? फाटकावर. आणि रस्त्यावरून ती वाचता यायची तर फाटक लावून घ्यावं लागतं. तेव्हापासून ते दिवसभर बंद असतं. सर्वांना सदैव उघडं असलेलं दार उघडायला आता वॉचमनला हाक मारावी लागते.

तर त्या कागदात लिहिलं होतं की समितीत एक निरक्षर बाई पाहिजे. झाली पंचाईत! कॉलेजात निरक्षर शोधायला निघाले आणि जे होते ते कबूल होईनात. शिपाई म्हणाला मी चौथी पास, झाडूवाली म्हणाली मी आजारी. शेवटी समाजशास्त्राच्या मंजुषा मॅडम माझ्या चुलीपाशी आल्या. गोड बाई आहे, रत्नागिरीकडची, बोलताना हात धरते. म्हणाल्या, आजी, रागावू नका, पण तुम्हाला लिहिता वाचता येतं का हो? मी म्हटलं, अजिबात नाही. इतका आनंद झाला त्या बाईला! माझ्या अडाणीपणानं एवढा आनंद तुमच्या भावालासुद्धा कधी झाला नव्हता.

सभा ठेवली घटस्थापनेच्या आदल्या दिवशी. मी काळूला निरोप धाडला की त्या दिवशी सकाळीच येऊन फाटकाबाहेर बस, फॉर्म कनवटीला ठेव. कशाला ते त्यालाही सांगितलं नाही, कारण मलाच नीट माहीत नव्हतं. (झुंबर आता लिहायची थांबून विचारते, आजी, खरंच माहीत नव्हतं? तू लिही गं.) ती स्वतः सकाळपासून ट्रंक भरून खाटेवर बसलेली. गादी गुंडाळलेली. मी चार भाकऱ्या नेऊन दिल्या, तर एकही उचलली नाही. तेव्हा मात्र मी घाबरले.

सभा म्हणजे काय थाट! वरून एक हिंदी बोलणारे साहेब आले होते, पांढऱ्या सफारीत. टेबलावर पांढरी चादर, बिस्किटं, चिनी मातीचे कप. मला मऊ खुर्ची दिली, तिच्यात मी अशी बुडाले की टेबलावरून माझं कपाळच तेवढं दिसत असेल. मग दोन तास भाषणं झाली. मला कळलं ते एवढंच की या कॉलेजात भेदभाव नाही आणि जो नाही तो लवकरच नाहीसा करण्यात येणार आहे. शेवटी मॅडमनी सभेचा कागद वाचला आणि सह्यांसाठी फिरवला. तो साहेबांबरोबर त्याच दिवशी वर जायचा होता. फिरत फिरत माझ्यासमोर आला. मी उजवा अंगठा वर केला आणि म्हटलं, शाई आणा.

नारायणराव कोपऱ्यात उभे होते. त्यांच्या तोंडून आपोआप निघालं, अंगठा चालणार नाही. सतरा वर्षांची सवय हो! शिंक यावी तसं आलं. कोणाच्या तरी दाताखाली बिस्कीट होतं, तेवढं वाजलं.

वरच्या साहेबांनी चष्मा काढला. म्हणाले, नहीं चलेगा? तो फिर माताजी को बुलाया किसलिए? प्रिन्सिपॉलसाहेब नारायणरावांकडे बघायला लागले, नारायणराव पंख्याकडे. मंजुषा मॅडम घाईनं माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, आजी, तुमच्या नावानं मी करते सही, चालेल ना? मी मोठ्यानं म्हटलं, बाई, माझ्या नावानं तुम्ही कशी सही करणार? मग मुलींनी बापाच्या नावानं केली तर तुम्ही त्यांना काय तोंडानं रागावाल? (हे बोलताना मी दाराकडे बघितलं. दारापाशी चहाचा ट्रे घेऊन उषा उभी होती. ट्रेमधले कप वाजले.) मग म्हटलं, मी अडाणी आहे म्हणून तुम्ही मला इथं बसवलं. आता माझा अंगठा अडाणी आहे म्हणून तो नको? तसं असेल तर मी उठते, पीठ भिजवलंय.

उठतेच म्हटलं, पण त्या खुर्चीतून उठता येईना. तेवढ्या वेळात प्रिन्सिपॉलसाहेबांनी विचार केला आणि म्हणाले, नारायणराव, पॅड आणा. पॅड आलं, पण ते वाळून खडखडीत. अंगठा कधी घेतलाच नाही तर शाई कशाला राहील! नारायणरावांनी घाबरून बाटलीच उपडी केली. ती पॅडवरून चादरीवर, चादरीवरून बिस्किटांत आणि दोन थेंब पांढऱ्या सफारीवर. साहेब चांगला माणूस, नुसतं म्हणाले, कोई बात नहीं. मी मात्र असा ठसठशीत अंगठा उठवला की मागच्या पानावरही उमटला. प्रिन्सिपॉलसाहेबांनी टाळ्या वाजवल्या. बाकीच्यांनी त्यांच्याकडे बघून वाजवल्या.

आणि टाळ्या थांबायच्या आत मी म्हटलं, साहेब, पॅड ओलं आहे तोवर बाहेर एक माणूस बसलाय, त्याचंही उरकून टाका.

काळूला आत आणला. पहिल्यांदा वॉचमन सोडेना, मग पाटी ढकलून आणला. एका हातात फॉर्म, दुसऱ्या हातात माझ्यासाठी धरणातले मासे. पंख्यानं त्या माशांची ओळख सगळ्या समितीला करून दिली. सामावून घ्यायचं म्हटलं की हेही आलंच, मी काय सांगू! काळूनं अंगठा उठवला आणि नारायणरावांनी फॉर्म उजेडाला धरला. म्हणाले, साहेब, यात रेषाच नाहीत. वन्सं, मी मान लांब करून बघितलं. खरंच नव्हत्या. वीस वर्षं जाळ्याची दोरी ओढून ओढून त्या माणसाचा अंगठा गुळगुळीत झालेला, कागदावर नुसता काळा ठिपका. काळू आपल्या बोटाकडे बघत म्हणाला, हाय तो माझाच हाय, साहेब. दुसरा नाय माझ्यापाशी.

मग नारायणरावांनी खिशातून पेन काढलं. म्हणाले, ठसा स्पष्ट नसेल तर बाजूला साक्षीदार लागतो. आणि इकडे तिकडे न बघता त्या ठिपक्याच्या शेजारी स्वतःच सही केली, तारीख घातली, शिक्का मारला. वरचे साहेब बघत होते म्हणून केलं, की त्या अंगठ्याकडे बघून केलं, देवाला ठाऊक. मी विचारलं नाही. संध्याकाळी त्यांच्या ताटात मी मासे वाढले, एवढं मात्र खरं.

मी जिना चढून सांगायला गेले. झुंबरनं ऐकलं, ट्रंक उघडली, कपडे काढून परत फळीवर लावले, गादी पसरली आणि मग म्हणाली, आजी, त्या भाकऱ्या कुठायत? (हो, असंच म्हणालीस. आता मान खाली घालून काय होतंय?) चार खाल्ल्या. काल नोटीस लागली की अंगठाही चालेल. सुरंगी गावच्या दोन पोरी ज्या सहीपायी भादव्यात घरी निघून गेल्या होत्या, त्यांच्या बापांना निरोप गेलाय. मी आता रात्री आडवी पडले की लगेच झोपते. सून म्हणते, घोरता. घोरू दे.

मुलाबाळांना आशीर्वाद, तुमच्या सुनेला जास्त.

तुमचीच,
चिमाबाई

ता. क. दिवाळीला येताना कळण्याचं पीठ आणा, शेरभर नको, चांगलं पोतंभर. पोरींना एकदा खान्देशी भाकरी खाऊ घालायची आहे.

ता. क. दुसरा. पत्राचं खरं कारण हे आहे, तेव्हा नीट वाचून घ्या आणि मग पत्र चुलीत घाला. तुम्ही आलात की नारायणराव भेटायला येतीलच. त्यांना चहा द्या, चिवडा द्या, पण पेन्शनचा विषय काढू नका. तुमचे भाऊ गेल्यावर आपण दोघी बँकेत गेलो होतो, तुम्ही साक्षीला होतात, आणि तिथे मी कागदावर काय केलं ते तुम्ही डोळ्यांनी बघितलंय. घरी येऊन गावभर कौतुकही केलंत. अक्षर मला एकही कळत नाही, पण गौरीनं रांगोळीसारखं महिनाभर गिरवून घेतलेलं ते चित्र मला येतं. वर आडवी काडी, खाली तिची पिलावळ. बँक त्याला सही म्हणते. मी खोटं बोलले नाही हो. मॅडमनी विचारलं लिहिता वाचता येतं का, मी नाही म्हटलं. सही येते का, हे कोणी विचारलंच नाही. आणि मी तिथे झोकात सही ठोकली असती तर काळूचा अंगठा बाहेर फाटकापाशीच वाळला असता. तेव्हा नारायणरावांपुढे एवढं तोंड सांभाळा. तुम्हाला जड जाईल, पण नवरात्राचा नेम समजा.

हे सांगेपर्यंत झुंबरचं पेन थांबलंय आणि ती माझ्याकडे डोळे मोठे करून बघते आहे. तिलाही आत्ताच कळलं. आता खाली नेहमीसारखं माझं ते चित्र काढणार होते, पण कार्टीनं पेन मागे घेतलं आणि काजळाची डबी पुढे सरकवली. म्हणते, आजी, समितीच्या मेंबरनं सही करायची नसते.