पाखरांचा वाटा

दि. ४ ऑक्टोबर

चि. धाकटीस,
दादाचे आशीर्वाद. वि. वि.

इकडे सगळे खुशाल आहेत, फक्त माझं डोकं ठिकाणावर नाही. तुझ्या मत्स्यखात्याने किनाऱ्यालगतच्या पट्ट्यात बारीक मासळी धरायला बंदी घातली, आणि हुकमाखाली सही माझ्या सख्ख्या बहिणीची! मासळी संपली असती तर गप्प बसलो असतो. पण जाळं ओढवत नाही इतकी मिळतेय. म्हणे मोठ्या माशांसाठी आणि समुद्रपक्ष्यांसाठी राखायची. म्हणजे पाखरांचा वाटा आधी, भावाचा नंतर? होडी काय तुझ्या टेबलाला बांधू? तुझी वहिनी म्हणते, माहेरी आलीस तर चहासुद्धा मिळणार नाही.

लोभ तूर्त माझ्याकडे शिल्लक नाही. तुझ्याकडे असला तर पाठव.

तुझा (नाइलाजाने) दादा

दि. ९ ऑक्टोबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

चहा मी घरून पिऊन येईन. काकांचे गळ वर्षभर रिकामे येताहेत, हे तूच कळवलंस ना? आमच्या खात्यात आजवर प्रत्येक माशाचा विचार वेगवेगळा व्हायचा. तुझी होडी भरलेली, म्हणून तुला मोकळीक. काकांचा मोठा मासा घटला, म्हणून काकांचीच होडी बंद करा, असं साहेबांनी ठरवलं होतं. माझं तर रक्तच उसळलं! काकांकडून मागवलेल्या माशांची पोटं चिरली, तर आत काही नाही. उरलीसुरली बारीक मासळी त्या पट्ट्यात गोळा होते, म्हणून तुला भरपूर वाटते. त्या मोठ्या माशांचं खाणं तू उपसायचं आणि शिक्षा काकांना? साहेबांशी भांडून घसा बसलाय माझा.

आधी का सांगितलं नाही, असं विचारशील. सांगितलं असतं, तर बंदी यायच्या आत तू सगळा पट्टा खरवडला असतास.

रागाव, पण माया पातळ करू नकोस.

तरीही तुझीच,
धाकटी

दि. १५ ऑक्टोबर

चि. धाकटीस,
आशीर्वाद, जरा हात आखडूनच.

पत्र वाचून तरातरा काकांकडे गेलो. बहीणभावात भांडण लावलंत म्हणून जाब विचारणार होतो. काका मिळालेला एकुलता एक मासा कापायला बसले होते. त्यांच्या हातातली सुरी घेऊन पोट मीच चिरलं. आत काही नव्हतं. सुरी खाली ठेवली आणि घरी आलो.

जाळं माळ्यावर टाकलंय. राग मात्र गेलेला नाही. सख्ख्या भावावर इतका अविश्वास! मी पट्टा खरवडला असता असं तुला वाटलंच कसं, हे खडसावून लिहायला बसलो. तुझी वहिनी शेजारीच होती. म्हणाली, छातीवर हात ठेवून लिहा.

खरवडला असता, धाकटे.

माया असू दे.

तुझा दादा