राखणीचा गुलाबी

३ मार्च
शेवटी मिळाल्या! करडईच्या पाकळ्या, फवारणी न केलेल्या शेतातल्या. विकणारा म्हणाला, "ताई, हा गुलाबी म्हणजे चार दिवसांचा पाहुणा. उन्हात टिकत नाही." वाचनालयाच्या ज्या हॉलच्या भिंतीसाठी मला कापड रंगवायचंय, त्याला जिकडेतिकडे खिडक्या, आणि पडदे दिवसभर बाजूला. पण त्या भिंतीवर मला दुसरा रंग दिसतच नाही. हट्टच आहे माझा.

५ मार्च
पाकळ्या धुऊन धुऊन आधी पिवळं पाणी काढलं. सोड्यात लाल सुटला, वर लिंबू पिळलं, आणि हातमागाच्या कोऱ्या कापडावर काय गुलाबी चढला!
आमच्या घरात ऊन फक्त आईच्या खिडकीत. तिथेच पट्टी चिकटवली, अर्धी पुठ्ठ्याखाली. महिनाभरात उघडी बाजू विटली तर हा रंग बाद. आईला एवढंच म्हटलं, "रंग उडाला तर काम गेलं गं माझं."
"उडतो कसा? मी आहे ना राखणीला!"
कूस बदलायला तिला सांभाळणाऱ्या मावशींचा हात लागतो, आणि म्हणे राखण!

१९ मार्च
आईचं खाणं दोन घासांवर आलंय. दिवसभर तिच्याजवळ त्या मावशीच. मी रंगाच्या कारखान्यात. पट्टी जशीच्या तशी.

६ एप्रिल
पुठ्ठा काढला. तीळभर फरक नाही! आईसमोर पट्टी नाचवली. हसली. किती दिवसांनी हसली! उद्यापासून सगळं कापड रंगवायला घेते.

२ मे
आई परवा गेली. मी टबात हात घालून होते. तशीच धावले, कोपरापर्यंत गुलाबी. उशीर झाला.

१७ मे
कापड हॉलमध्ये लागलं. लोक वाहवा करत होते. मला नुसतं घरी जायचं होतं. आणि घरी तरी कोण आहे?

२० मे
मावशी भेटायला आल्या. चहा पिता पिता सहज म्हणाल्या, "तुम्ही बाहेर पडलात की आजी पडदा ओढायला लावायच्या. म्हणायच्या, पोरीचा रंग उडेल. तुम्ही यायच्या आधी उघडायचा. दिवसभर अंधारात पडून असायच्या बिचाऱ्या."
बिचारी! आणि तिला उजेडाची केवढी हौस!
अगं आई, उन्हातच तर ठेवायचा होता तो! आता हसू की कपाळ बडवून घेऊ?

२१ मे
खरं काय ते सांगून कापड उतरवायचं, असं ठरवून वाचनालयात गेले. ऊन थेट गुलाबीवर. एकेक पडदा ओढत गेले.
ग्रंथपाल म्हणाले, "अहो, लोकांनी वाचायचं कसं?"
शेवटचा पडदाही ओढला. राखणीला बसले.