जेवताना हसायचं नाही

गुरुवार, २० नोव्हेंबर

अव्वा,

आज कारखान्यातून वेळेवर आलो. दुपारी एक लूम बंद पडला होता, तो चालू करून निघालो. थंडी पडायला लागली आहे. घरी भाकरी, मेथीची भाजी आणि वरणभात होता. मुलगी जेवली. आता ती, तिची आई आणि तुझी धाकटी बहीण, तिघी लिफ्टनं खाली गेल्या आहेत. मावशी बाकावर बसते आणि मुलगी तिच्याभोवती पळते. मी घरात एकटाच आहे.

तू गेलीस तेव्हा मी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होतो. आता माझे कानाजवळचे केस पांढरे झालेत. इतक्या वर्षांत तुला काही लिहावं असं कधी वाटलं नाही. तुझ्याशी मी कानडीतच बोलत असे आणि मला कानडी लिहिता येत नाही. मराठीत लिहायला घेतलं की दुसऱ्याच कुणाच्या आईला लिहितोय असं वाटतं. तरी आज लिहितो, कारण आज संध्याकाळी जे झालं ते बायकोला सांगता येण्यासारखं नाही, आणि मावशीला सांगायची गरज नाही.

आपल्या घरात जेवताना कुणी हसत नसे. बोलायचंही नाही, पण बोलणं एखादवेळी चालून जाई. हसणं नाही. स्वयंपाकघरातल्या फरशीवर अप्पा आणि मी समोरासमोर बसायचो आणि तू चुलीकडे पाठ करून आमच्याकडे तोंड करून बसायचीस. तू आमच्यासोबत कधी जेवली नाहीस. तू बघत बसायचीस. माझा घास तोंडात गेला की तुझा उजवा हात माझ्या हनुवटीखाली यायचा, तळवा वर करून, आणि मी गिळेपर्यंत तिथंच राहायचा. मला तेव्हा वाटे, सगळ्यांच्या आया अशाच बसतात. एकदा अप्पांनी त्यांच्या दुकानातल्या कुठल्याशा गिऱ्हाइकाची गंमत सांगितली. मी तिसरीत असेन. भाताचा घास तोंडात असताना मला फिस्सकन हसू आलं. पुढचं मला आजही जसंच्या तसं दिसतं. तू उठतेस, तुझं बोट माझ्या तोंडात आहे, बांगडी दाताला लागते आहे, भात फरशीवर पडला आहे, आणि तू अप्पांना म्हणते आहेस, "नगब्याड अंत येष्ट सल हेळली?" हसू नका म्हणून किती वेळा सांगू. अप्पा खाली मान घालून बसले. दुकानात ते दिवसभर गिऱ्हाइकांशी हसत. घरी त्यांनी परत कधी गंमत सांगितली नाही.

माझ्याआधी एक होता हे मला माहीत होतं. कसं माहीत होतं ते सांगता येत नाही, कुणी सांगितलं नव्हतं. मी अकरावीत असताना दिवाळीला तुझ्या माहेरी गेलो होतो, तेव्हा परड्यात भांडी घासता घासता मावशीनं सांगितलं. दोन वर्षांचा होता. संध्याकाळी तू त्याला उकडलेल्या शेंगा सोलून भरवत होतीस आणि तो हसत होता. दाणा घशात गेला. अप्पा दुकानात होते. तू त्याला उचलून रस्त्यापर्यंत पळालीस. मावशीनं एवढंच सांगितलं आणि राखेनं पातेलं घासत राहिली. त्यानंतर मी आपल्या घरी जेवताना तुझ्या हाताकडे बघत नसे. तो हात हनुवटीखाली आला की मी पटकन गिळायचो. मला हे माहीत झालंय, ते तुला कधी कळलं नाही.

तुझं हसणं मी एकदाच पाहिलं, तेही मावशीच्या लग्नात, मांडवाच्या कडेला, पदराआडून. जेवणं अजून व्हायची होती.

माझं लग्न उशिरा झालं आणि मुलगी त्याहून उशिरा. बायको बार्शीची आहे. तिच्या माहेरी जेवताना इतका गोंधळ असतो की सासरे विनोद सांगत बसतात आणि भाकऱ्या गार होतात. पहिल्यांदा तिथं जेवलो तेव्हा मला अर्धी भाकरीही गेली नाही. जावई लाजरे आहेत, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. कारखान्यातही मी कँटीनमध्ये भिंतीकडे तोंड करून बसतो. मशीनच्या आवाजात दिवसभर ओरडून बोलणारी माणसं जेवताना तोंडात घास घेऊन खो खो हसतात, ते मला बघवत नाही. साहेब एकटे जेवतात, असं पोरं म्हणतात. म्हणू देत. इतकी वर्षं हे कुणाला त्रास न देता चाललं होतं.

मुलगी घास खायला लागली आणि चाललं नाही. दिवसभर ती पाळणाघरात असते, तिथं नीट खाते म्हणतात. रात्री आम्ही तिघं जेवायला बसतो. ती सतरंजीवर बसते, पुढ्यात वाटी, आणि मी तिच्यासमोर. मी भात बोटानं कुस्करतो, मेथीची काडी काढतो, दाण्याचं कूट असलं तर बाजूला करतो. ती घास घेते आणि माझा हात तिच्या हनुवटीखाली जातो. मी नेत नाही, तो जातो. ती चावत असताना मीही तोंड मिटून चावत असतो, असं बायको म्हणते. डॉक्टरांनी गेल्या महिन्यात वजनाच्या काट्याकडे बघून विचारलं, "रात्रीचं खात नाही का ही?" घरी येताना रिक्षात बायको म्हणाली, "अहो, तिला अन्नाची भीती नाही. तुमच्या तोंडाची भीती आहे." त्याच आठवड्यात मुलगी बाहुलीला भरवत होती. खोटा घास, खोटा चमचा. बाहुलीच्या हनुवटीखाली तिनं आपला इवलासा तळवा धरला आणि म्हणाली, "हशायचं नाय." हे मी तिला कधी शब्दांत सांगितलेलं नाही, अव्वा. मी घरात ते वाक्य कधी उच्चारलेलं नाही. तुझी ही नात तुझ्यानंतर कितीतरी वर्षांनी जन्मली आणि तुझ्याच आवाजात बाहुलीला दटावत होती. मी उठून गॅलरीत गेलो.

गेल्या शनिवारी मावशी आली. गुडघा दाखवायचा होता. आता ती तुझ्यासारखीच दिसते, म्हणजे तू म्हातारी झाली असतीस तर जशी दिसली असतीस तशी. आवाज तर पहिल्यापासून तुझाच. रविवारी रात्री सगळे जेवायला बसलो. मुलगी तोंड फिरवत होती. मावशी म्हणाली, "सरक जरा. मी भरवते पोरीला." आणि घास भरवता भरवता तिनं एका म्हातारीचं सोंग केलं. त्या म्हातारीची म्हैस रोज उशिरा घरी येते, आणि म्हातारी दारात उभी राहून तिला झापते, "यल्ली होगिद्दी?" कुठं गेली होतीस म्हणून. मग मावशी म्हैस होते. मान जड करून सावकाश फिरवते, डोळे अर्धे मिटते आणि नाकातून फुर्रर्र करते, जणू म्हातारीनं विचारलं त्यात काही दम नाही. मुलीला कानडीचा एक शब्द येत नाही. ती आधी बघत राहिली, मग हसली. तोंडात भात होता. ती मागे रेलून, पोट धरून हसली. आणि माझं बोट तिच्या तोंडात होतं.

भात सतरंजीवर पडला. मुलगी रडली, रडता रडता तिला ओकारी आली, बायकोनं तिला उचलून आत नेलं. मावशीनं हातातली भाकरी ताटात ठेवली.

"अगदी तिच्यागत," ती म्हणाली. "बोट बी तसंच वाकडं करून."

"तोंडात घास असताना कशाला हसवायचं तिला?"

"मग कवा हसवायचं? उपाशी असताना?"

मग तीच म्हणाली, "ती म्हस माझी न्हाय, लेका. तुझ्या आईची हाय. आमच्या गल्लीत ती म्हातारी व्हती, अक्का तिची नक्कल करायची. सारी गल्ली जमायची बघायला. मी निस्ती नकलेची नक्कल करते. माझ्या म्हशीला तिच्या म्हशीची सर न्हाय."

तू नक्कल करायचीस हे मला माहीत नव्हतं. तू कुणाला हसवायचीस हेच मला माहीत नव्हतं. मग मी विचारलं. विचारू नये ते विचारलं. "त्या दिवशी, त्याला भरवताना... हीच?"

मावशी ताटाकडे बघत होती. "व्हय," म्हणाली.

"आणि तू माझ्या मुलीपुढं हीच केलीस?"

"का करू नको? म्हशीनं मारलं व्हय त्याला? दाण्यानं मारलं. अक्कानं दाणं घरात ठेवलं, आपल्या सोलापुरात शेंगाची चटणी कुणाला सुटते? म्हशीला मात्र घालवून दिलं. हसणं बंद. इतकी वर्सं ती म्हस मी माझ्याकडं बांधून ठेवली. माझी पोरं तिच्यावरच जेवली की." आणि तिनं गार भाकरीचा तुकडा मोडून तोंडात टाकला.

त्या रात्रीपासून मुलगी मला बघितलं की तोंड मिटून घ्यायची. "बाबा नको," म्हणायची. सोमवारी बायको म्हणाली, "थोडे दिवस तुम्ही आतल्या खोलीत बसा. ती जेवेपर्यंत." तिनं रागानं म्हटलं नाही. मी आत बसलो. दार ओढून घेतलं, पण आवाज येतोच. बाहेर म्हातारी म्हशीला झापत होती आणि मुलगी हसत होती, आणि बायकोही हसत होती. दाराआड मावशी दिसत नाही, तिची पाठ दिसत नाही, पिकलेले केस दिसत नाहीत. फक्त आवाज येतो. अव्वा, तो तूच होतीस. तू तिला हसवतेस ते मी पलंगावर बसून ऐकत होतो. पहिल्या दिवशी प्रत्येक हसण्यानंतर मी पुढच्या हसण्याची वाट बघत होतो. ते आलं नाही तर काय, हाच विचार. मंगळवारीही तसंच. काल तर मी हसण्याच्या मधल्या शांततेत श्वास धरून बसलो होतो, आणि बाहेर फक्त वाटीवर चमचा वाजत होता. मुलीनं तीन दिवस पोटभर खाल्लं. बायकोनं ते मला खाली बघून सांगितलं.

आज मी आत बसलो असताना दार ढकललं गेलं. मुलगी आली, हातात वाटी, वरणभात अर्धा सांडलेला, गालाला भात चिकटलेला. मावशी दही काढायला उठली होती, तेवढ्यात ती निसटली होती. पलंगाला धरून वर चढली, माझ्याजवळ बसली, स्वतःच्या हातानं मोठा घास तोंडात कोंबला आणि म्हणाली, "बाबा, म्हश कल."

मी म्हणालो, "आधी गीळ."

तिनं तोंड मिटून माझ्याकडे बघितलं. ती परत जाणार हे मला दिसलं. वाटी उचलून, खाली उतरून, मावशीकडे. आणि त्यानंतर ती माझ्यासमोर कधी जेवणार नाही, हेही दिसलं. मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबले. मला नक्कल येत नाही. शाळेत मी नाटकात झाड झालो होतो, तेही हललो म्हणून ओरडा खाल्ला होता. मी मान जड केली, सावकाश तिच्याकडे फिरवली, डोळे अर्धे मिटले आणि नाकातून आवाज काढला.

ती हसली. तोंड उघडं, आत भात, सगळा दिसत होता. माझे हात माझ्याच वजनाखाली होते. ती हसली आणि हसत हसत चावायला लागली, मग गिळलं, आणि लगेच म्हणाली, "पुना." मी पुन्हा केली. त्या वेळी आवाज जरा मोठा निघाला असावा.

स्वयंपाकघरात काहीतरी पडलं. मग मावशीची हाक आली. मला नाही, मुलीला नाही, बायकोलाही नाही.

"अक्का?"

लहान बहीण मोठीला मारते तशी ती हाक होती, घरात तू असल्यासारखी. मी थांबलो. मुलगीही थांबली, दाराकडे बघायला लागली. थोड्या वेळानं मावशी दारात आली, पदराला हात पुसत. तिचा चेहरा उतरला होता. माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "काय न्हाय. पोरीला दही पाहिजे का, इचारत व्हते." मी म्हटलं, "दे थोडं." ती गेली. परत आली तेव्हा वाटीत दही होतं आणि तिचे डोळे पुसलेले होते. बायकोनं विचारलं, "मावशींनी कुणाला हाक मारली?" मी म्हटलं, "मलाच. माझ्या आवाजानं तिची गल्लत झाली असेल."

हे पत्र कुठं टाकायचं नाही, हे मला कळतं. एक गोष्ट मात्र सांगतो. मावशी उद्या सकाळच्या गाडीनं जाणार होती. मी तिला सांगितलं की डॉक्टरांचा फोन आला होता, गुडघा पुढच्या आठवड्यात पुन्हा बघायचाय म्हणाले. डॉक्टरांचा फोन आलेला नाही. मावशीनं "कशाला रे, बरा हाय की आता" म्हटलं आणि मग पिशवीत भरलेली साडी काढून परत कपाटात ठेवली. तिला कळलं असेल. मुलीसाठी थांबवून घेतोय असं बायकोला वाटतं आणि ते खोटं नाही. पण दाराआड बसून मला तुला अजून थोडं ऐकायचं आहे.

पलंगाच्या चादरीवर वरण सांडलंय. हळदीचा डाग वाळला की निघत नाही. त्या वर यायच्या आत चादर काढून बादलीत भिजत घालतो.