पायात गेलेलं रान

आबा, तुम्ही घेतलं नाहीत ते विहिरीकडचं रान मी गेल्या आठवड्यात पाहून आले. ऊस माणसापेक्षा उंच झालाय. काठी टेकून बांधावर उभी राहिले, आणि तेव्हापासून मनाला थारा नाही, म्हणून लिहायला बसले.

लढाई संपली आणि तुम्ही पलटणीतून कायमचे घरी आलात, त्या उन्हाळ्यातलं आपलं कडेगावचं स्वयंपाकघर अजून दिसतं. आई भाकरी थापतेय, दादा जेवतोय, मी भिंतीला टेकून. बैलगाडीवरून पडून मोडलेला माझा पाय हाडवैद्यानं बांधला, तो वाकडाच जुळला होता. मी एका बाजूला झुकून चालायची. पलटणीच्या पैशातून रान घ्यायचं हे घरात ठरल्यासारखंच होतं. आणि तुम्ही म्हणालात, "हिला मिरजंला न्यायची. डाक्टर म्हनतोय, पाय सरळ हुतोय."

आईचा हात थांबला. "आवं, डाक्टरला दिलं म्हंजी गेलंच की ते. रान घ्या. नातवंडं खातील."

"रान पुढंबी मिळंल. पोरीचं वाढतं हाड थांबतंय व्हय?"

दादा ताट सरकवून उठून गेला.

ताकारीपर्यंत बैलगाडी, पुढं आगगाडी. दवाखान्यात हाड पुन्हा मोडून प्लॅस्टर घातलं. तुम्ही आवारात तीन दगडांच्या चुलीवर पिठलं करताय, बाया तोंडाला पदर लावून हसताहेत, तुम्हाला त्याचं काहीच नाही. प्लॅस्टर निघालं तेव्हा पाय काटकीसारखा झालेला. मी रडायला लागले तशी तुम्ही ओरडलात, "रडाय आलीस व्हय हितं? चल. लेफ्ट... राइट..." मी चालले. सरळ चालले.

तोवर रान दुसऱ्यानं घेतलं होतं. तसं रान आपल्याला पुढं कधीच मिळालं नाही, आबा. तुमच्या तेराव्याला दादा सगळ्यांसमोर म्हणाला, "आमचं रान हिच्या पायात गेलं." त्याचं खोटं नव्हतं. मी इस्लामपूरला शाळेत शिकवलं, पायी गेले-आले, पोरं कडेवर घेऊन चढ चढले, लंगडी म्हणून कुणी मागं ठेवलं नाही. पण रान मुलांच्या नावावर करता येतं, चाल करता येत नाही. ती माझ्याबरोबरच जळून जाणार. मग तुम्ही मला दिलंत ते धन होतं की नुसता खर्च? कधी वाटतं, एवढं चालले, हेच त्याचं पीक. लगेच दादाची पोरं दुसऱ्याच्या फडात उसाच्या मोळ्या बांधताना आठवतात, आणि मी पुन्हा उठून खोलीत येरझाऱ्या घालते.

आता त्याही धड जमत नाहीत. गुडघे गेलेत. सांगलीचा डॉक्टर म्हणतो, ऑपरेशन करा, चालाल. माझ्या साठवलेल्या पैशातून मुलाला प्लॉट घ्यायचाय. "आई, या वयात तुला आता कुठं जायचंय?" तो प्रेमानंच विचारतो. नातीला प्लॉट राहील, हेही खरंच. इतके दिवस मीही आपल्या आईसारखंच बोलत होते, डॉक्टरला दिलं म्हणजे गेलंच.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाहीच, म्हणून तुम्हाला तेवढं सांगते. काल एकटीच एसटीनं सांगलीला गेले आणि डॉक्टरला हो म्हणून आले. घरात अजून कुणाला बोललेले नाही.