खोटी पट्टी

दादा, तुम्हाला ओतकामाच्या शेडमध्ये पॅटर्नच्या बाकावरून उठवून गेटवर बसवलं ते माझ्यामुळं. हे तुम्हाला माहीत होतं की नव्हतं, एवढं एकच मला विचारायचं होतं, आणि तुम्ही असेपर्यंत ते विचारायची माझी छाती झाली नाही. आता मला साठी लागलीय, जिना चढताना गुडघे कुरकुरतात, आणि परवा तुम्हाला न विचारताच उत्तर मिळालं. म्हणून लिहायला बसले. पण माझी सवय तुम्हाला ठाऊकच आहे. तामलवाडीहून तुळजापूरला निघाली तर ही पोरगी नळदुर्गावरून जाईल, असं तुम्हीच म्हणायचात. तर आज तसंच जाऊ द्या, मला घाई नाही.

तुम्ही मला आठवता ते शेडमध्ये नाही, स्वयंपाकघरात. शेडची जमीन सगळी वाळूची, तिथं खडूची रेघ उठायची नाही, आणि घरात फरशी तेवढी चुलीपुढंच होती. म्हणून नवीन काम आलं की तुम्ही दुपारी घरी येऊन त्या शहाबादी फरशीवर पूर्ण आकाराचं चित्र काढायचात. आई भाकरी थापतेय, तुम्ही गुडघ्यावर बसलाय, आणि खडूच्या रेघांतून हापशाचं बूड, मग मान, मग वरची टोपी अशी हळूहळू वर चढतेय. पत्र्याच्या भोकातून उन्हाचे कवडसे येतात आणि त्या रेघांवरून सरकत जातात. आई पाणी घ्यायला उठली की लुगडं वर धरून चित्र ओलांडते. चित्राचं लई झालं, पाणी कधी येतंय ते सांगा, असं म्हणते. मी भिंतीला टेकून बघतेय, डोळे मिटत आलेत, आणि मला वाटतंय की लोखंडाच्या वस्तू अशा फरशीतूनच उगवत असणार. कितीतरी वर्षं मला तसंच वाटायचं. अजूनही अर्धवट झोपेत कधी कधी वाटतं.

बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही दुष्काळी कामावर खडी फोडत होता. सोलापूरच्या फौंड्रीत ओतकामाचे लाकडी नमुने, म्हणजे पॅटर्न, करायला शिकलेला माणूस, पण फौंड्रीच बंद पडली होती. मला त्यातलं फारसं आठवत नाही. कामावर वाटायचे त्या सुकडीची चव आठवते, आणि तुमच्या हाताला चिकटलेली पांढरी धूळ. मग हापसे आले. सरकारची यंत्रं गावोगाव जमिनीत भोकं पाडत हिंडायला लागली, आणि त्या भोकांवर बसवायला ओतीव लोखंडाचे हापसे पाहिजे होते. पाच-पंचवीस जणांनी मिळून संस्था काढली, रस्त्याकडेला पत्र्याची शेड घातली आणि तुम्हाला मिस्त्री म्हणून बोलावलं. तुमचा त्या कामावर केवढा जीव होता! गावाच्या विहिरीवर आपल्या बायकांनी घागर खाली ठेवून, कुणी वरून ओतील म्हणून ताटकळत बसायचं. हापशाला कुणीही हात लावावा, तो पाणी देतो. हे तुम्ही कधी भाषणासारखं बोलला नाहीत. आपल्या वस्तीवर पहिला हापसा बसला त्या दिवशी तुम्ही आईला पुढं केलंत आणि स्वतः लांब उभे राहिलात, एवढं मी बघितलं.

तुमच्या बाकावर खिळ्याला दोन पट्ट्या टांगलेल्या असायच्या. एक खरी पट्टी, शाळेत असते तशी. दुसरीला तुम्ही खोटी पट्टी म्हणायचात. तिच्यावरचा सेंटिमीटर खऱ्या सेंटिमीटरपेक्षा केसभर मोठा. चुलीवर दूध आटतं तसं लोखंड गार होताना आटतं, म्हणून लाकडाचा पॅटर्न आधीच तेवढा मोठा करावा लागतो. तो वाळूत दाबायचा, उठलेल्या खड्ड्यात रस ओतायचा, आणि गार झाल्यावर जे निघतं ते बरोबर मापाचं निघतं. लहानपणी मला याचा राग यायचा. शाळेत खोटं बोललं की छडी, आणि माझा बाप दिवसभर खोट्या पट्टीनं मापतो म्हणजे काय! मी भांडले तर तुम्ही हसून म्हणालात की मोठी झालीस की कळंल.

मोठी होताना मला कळलं ते रंगांचं. पॅटर्नला रंग द्यायचे असतात. लाल म्हणजे ही बाजू आहे तशीच राहणार, पिवळा म्हणजे इथं पुढं कापायचंय, काळा म्हणजे आत पोकळ. मी एकदा तुमच्या तयार पॅटर्नवर पिवळ्या रंगानं शेवंतीची फुलं काढली, आणि भट्टीवर सगळे खोळंबले, की एवढ्या जागी कापायचं तरी काय? तुम्ही मला आयुष्यात एकदाच रागावलात ते त्या दिवशी. इथला रंग हा शब्द असतो, वाटेल तसा बोलायचा नसतो, असं म्हणालात. आणि चार दिवसांनी तिन्ही रंगांचे तळाला उरलेले डबे मला आणून दिलेत. माझी पहिली चित्रं त्या तीन रंगांतली आहेत. ड्रॉइंगच्या सरांनी विचारलं, हिरवा का नाही? मी म्हटलं, आमच्याकडं डबाच नाही, आणि बाहेर तरी कुठं हिरवं आहे? सर घरी आले. पोरीला औरंगाबादला चित्रकला शिकायला पाठवा म्हणाले. आई रडली, भावकी कुजबुजली, तुम्ही नुसतं व्हय म्हणालात. मला वसतिगृहात सोडून परत जाताना तुम्ही चारदा मागं वळून बघितलंत. मी मोजलं होतं.

दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात मी सुटीला आले ती डोक्यात हवा भरूनच. वर्षभर माती लिंपून पुतळे केले होते. घाट, तोल, रेषेचा ओघ, असले शब्द तोंडात घोळत होते. परत दुष्काळाचं साल होतं. सरकारी खात्याची हापशांची मोठी ऑर्डर आली होती, नव्या नमुन्याचा पॅटर्न तातडीनं पाहिजे होता आणि तुम्हाला हिवतापानं पाडलं होतं. सगळं तयार होतं, फक्त मान घासून गुळगुळीत करायची राहिली होती. तुम्ही अंथरुणातूनच मला सांगितलंत, "खोट्या पट्टीनंच माप. खरीला हात लावू नगं. म्या ठेवलंय तेवढंच ठेव."

मी तेवढंच ठेवलं नाही. शेडमध्ये दुपारी कुणी नसायचं. सागवानाचा वास, पत्र्यावर ऊन तडतडतंय, आणि ती मान माझ्यापुढं उभी. बुडाला मी खोटी पट्टी लावून बघितली, ते तंतोतंत होतं. मानेलाही लावली, तीही बरोबर होती. पण मला ती जाड दिसत होती. म्हशीच्या मानेसारखी. मी कानस घेतली. थोडं उतरवलं. मागं सरकून डोळे बारीक करून बघितलं, परत थोडं उतरवलं. आता ती मान बुडातून अशी वर निघते की बघत राहावं. वेळेचं भान राहिलं नाही. लाकडाचा भुगा उन्हात तरंगत होता आणि मी त्यात कुठंतरी हरवले होते. इतकी सुखाची दुपार मला त्यानंतर फार वेळा मिळाली नाही. मग पॉलिश कागद मारला, रंग दिले आणि घरी येऊन तुम्हाला सांगितलं, झालं. तुम्ही ग्लानीतच मान हलवलीत.

मानेच्या आतली पोकळी होती तेवढीच राहिली आणि बाहेरचं अंग मी उतरवलं, म्हणजे भिंत पातळ झाली. टोपी बसवायला तिच्यावर स्क्रूला असतात तसे आटे पाडायचे असतात. सगळे हापसे ओतून झाले, आटे पाडायला सोलापूरला गेले आणि एकामागून एक तडकले. ऑर्डर परत गेली. संस्थेनं शेडमध्येच सभा बोलावली. तुम्ही ताप उतरून नुकतेच उठला होता. मी सगळ्यांना चहा घेऊन गेले होते. चेअरमन द्राक्षाचे बागायतदार, त्यांना यातलं काय कळणार, त्यांनी विचारलं की मान बारीक झाली कशी? तुम्ही उभे राहिलात. "पट्टी चुकली," म्हणालात. "खोटीच्या जागी खरी धरली. चूक माझी." मी दारात किटली घेऊन उभी. तोंड उघडायला किती वेळ लागतो? मी उघडलं नाही. कप भरले आणि घरी आले. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही गेटवर स्टुलावर बसायला लागलात. गाडी आली की गेट उघडायचं, गेली की लावायचं. आणि ज्या गावांना हापसे उन्हाळ्यात जायचे होते तिथं ते पाऊस पडून गेल्यावर गेले.

तुम्ही मला एका शब्दानं काही विचारलं नाहीत. मी स्वतःला समजावत राहिले, की दादांना खरंच वाटतंय पट्टी चुकली म्हणून, तापात आपणच खरी पट्टी धरली असणार असं त्यांना वाटतंय. आणि कधी पहाटे जाग आली की वाटायचं, ते सगळं ओळखून आहेत आणि मी कधी बोलते याची वाट बघतायत. हे दुसरं जास्त वाईट होतं. सुटी संपल्यावर तुम्ही मला एसटीत बसवून दिलंत आणि डबा घेतला का एवढंच विचारलंत.

पुढं मी पुतळे केले नाहीत. चित्रकलेचा डिप्लोमा पुरा केला आणि पुण्याच्या एका कारखान्यात ओतकामाची ड्रॉइंग काढायला लागले. नेमणुकीच्या पत्रात ड्राफ्ट्समन लिहिलं होतं. बाईसाठी त्यांच्याकडं शब्दच नव्हता. इंजिनिअर लोक मला आर्टिस्ट म्हणून चिडवायचे, आणि कॉलेजातल्या मैत्रिणींना मी लोखंडात जाऊन वाया गेलेली वाटायचे. एकदा तार आली आणि मी पोचेपर्यंत तुम्हाला नेलं होतं. त्याच्या पुढच्याच वर्षी आमच्या ऑफिसात काँप्युटर आला. काळा पडदा, हिरव्या रेघा, आणि आतला पंप बोटानं फिरवावा तसा फिरतोय, पाठ दाखवतोय, पोट दाखवतोय. सगळे घाबरून लांब उभे होते. मी मात्र खुर्ची ओढून बसले. मला वाटलं, ही फरशीच आहे, फक्त उभी केलेली. त्या मशीनला लोखंड किती आटतं तो आकडा एकदा सांगितला की ते सगळी मापं आपोआप मोठी करून देतं. मी तो आकडा आयुष्यभर स्वतः तपासला. हाताखालच्या पोरी म्हणायच्या, मॅडम, मशीन चुकत नाही. मी म्हणायचे, मशीनचं कोण बोलतंय? निवृत्त होईपर्यंत माझ्या एकाही ड्रॉइंगचा माल परत आला नाही. लोक याला हुशारी म्हणाले. ती भीती होती, दादा. चांगली दिसावी म्हणून एक रेघसुद्धा मी त्या भीतीपोटी कधी वळवली नाही.

परवा जळकोटला गेले होते. आपल्या शेडमधले भट्टीवाले काका अजून आहेत, घरच्यांशी कानडीत भांडतात, डोळ्यांनी दिसत नाही. माझा आवाज ऐकून त्यांनी ओळखलं. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं, आणि त्यांनी आपणहूनच विषय काढला. "अक्का, पट्टी चुकली असती तर बूडबी चुकलं असतं की," म्हणाले. बूड बरोबर होतं, हे सभेआधीच तुम्ही दोघांनी मापून बघितलं होतं. तडकलेला माल परत भट्टीत टाकायचा होता, तेव्हा तुम्ही त्यातला एक हापसा उचलून उन्हात धरलात, त्याच्या मानेवरून अंगठा फिरवलात, खालून वर, दोनदा. आणि काकांना म्हणालात, "घाट चांगला काढलाय पोरीनं. पर लोखंडाला हे झेपत न्हाय." मग तो भट्टीत टाकलात, आणि ह्यातलं कुणाला बोलू नको म्हणून त्यांच्याकडून वचन घेतलंत. ते त्यांनी इतकी वर्षं पाळलं.

हे ऐकून मला रडू आलं, पण ते नंतर, परतीच्या एसटीत. त्याच्या आधी काय झालं ते मी कुणाला सांगितलेलं नाही. हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाहीये, म्हणून लिहिते. काकांच्या ओट्यावर बसल्या बसल्या मला आधी लई आनंद झाला. तुम्हाला घाट आवडला होता. तुमचा बाक, ते गेट, पाण्याला ताटकळलेली ती गावं, हे सगळं मला त्यानंतर आठवलं.